टी-जेटला पेट्रोल कमी पडतंय म्हणून मी काय काय विकत घेतलं

कागलच्या पुढे हायवे सरळ होतो. तिथं तिसऱ्या गिअरमध्ये पाय दाबला की ४८०० आरपीएमपर्यंत गाडी झकास ओढायची आणि मग कुणीतरी मागून शेपटी धरल्यासारखी अडायची. दोन गचके, परत ओढ, परत गचका. माझी फियाटची लिनिया टी-जेट. पुण्याजवळच्या रांजणगावात जन्मलेली, २०११ ची, १.४ लिटर टर्बो पेट्रोल. कागदावर ११४ पीएस आणि २०७ एनएम. त्यावर काही वर्षांपूर्वी मी रिमॅप (ईसीयू म्हणजे इंजिनाच्या कॉम्प्युटरमधला मॅप, आकड्यांचा तक्ता, बदलणं) करून घेतला होता, बूस्ट (टर्बो हवेला देतो तो जादा दाब) १ बारला गेला होता. पहिले काही महिने मजा आली. नंतर हे गचके.

माझं शिरोली एमआयडीसीत छोटं मशीन शॉप आहे. मायक्रोमीटर लावल्याशिवाय एक बुश दाराबाहेर जात नाही. पण स्वतःच्या गाडीच्या बाबतीत मी पुढची तीन वर्षं काहीही न मोजता वस्तू विकत घेत सुटलो. ज्या क्रमाने घेतल्या त्याच क्रमाने सांगतो, म्हणजे चुकाही क्रमाने येतील.

सगळ्यात आधी पंप. ज्याला विचाराल तो हेच सांगतो, "टर्बो आहे ना? मोठा पंप टाक." मोठा पंप म्हणजे वॉलब्रोचा ताशी २५५ लिटरवाला, जगभर हाच चालतो. मी ऑनलाइन एका विक्रेत्याकडून साडेचार हजारांत मागवला. डब्यावर नाव बरोबर, रंग बरोबर. बसवल्यावर मागच्या सीटखालून गिरणीसारखा आवाज. दोन महिन्यांत आवाज वाढला, ताकद घटली. काढून हातात घेतला तेव्हा अंगावरचं छापील अक्षर बोटाने पुसलं गेलं. या पंपाच्या नकला बाजारात पोत्याने आहेत हे मला नंतर कळलं. खऱ्या पंपाच्या अंगावर नंबर कोरलेला असतो, वजनही हाताला लागतं. विक्रेत्याने परत घेतला नाही. साडेचार हजार पंचगंगेला.

मग हट्टाने खरा मागवला. अकरा हजार, बिलासकट. तो गुपचूप चालला, आवाजही नाही. पण आता वेगळीच कटकट सुरू झाली: सिग्नलला उभं राहिलं की पेट्रोलचा वास, प्लग काळे, ॲव्हरेज बारावरून साडेदहावर. आणि कागलचा गचका? तो होता तिथंच होता.

याचं कारण समजायला मला पुढे सहा महिने लागले, पण इथंच सांगून टाकतो. या गाडीत पेट्रोल टाकीकडे परत नेणारा पाईपच नाही. प्रेशर सांभाळणारा रेग्युलेटर टाकीतच, पंपाच्या डब्यात बसलेला आहे, ३.५ बारचा. तो मूळ पंपाच्या मापाने बनवलेला. दाबाखाली पावणेदोनशे-दोनशे लिटर टाकणारा राक्षस त्याच्यामागे लावला की आयडलला (गाडी उभी, इंजिन चालू) जास्तीचं पेट्रोल त्याच्या छोट्या तोंडातून वेळेत बाहेर पडत नाही आणि प्रेशर चढतं. माझ्या गाडीत आयडलला ४.१ बार मिळत होते. प्रेशर इतकं वाढलं की इंजेक्टर (पेट्रोल फवारणारी नोजल) तेवढ्याच वेळात आठ टक्के जास्त ओततो. ईसीयू बिचारा मागे ओढत बसतो. स्कॅनरवर लाँग टर्म ट्रिम (ईसीयू पेट्रोल किती टक्के कमी-जास्त करतोय ते) उणे ९ दिसत होता, आणि मी तो आकडा बघून "कायतरी सेन्सर गेला असेल" म्हणून सोडून दिला होता.

आता हिशेब, जो पंप घेण्याआधी करायला हवा होता. टर्बो पेट्रोल इंजिन पूर्ण ताकदीवर एका घोड्याला तासाला साधारण पाव किलोहून थोडं जास्त पेट्रोल पितं, ०.२७ किलो धरा. मला हवे होते १४५ घोडे. तेवढेच का, तर याच १३६८ सीसीच्या इंजिनातून फियाटने २०१५ च्या अबार्थ पुंटोला १४५ दिले होते, म्हणजे इंजिनाच्या तब्येतीला ते झेपतं याची कंपनीनेच दिलेली पावती. १४५ गुणिले ०.२७ म्हणजे ३९ किलो, म्हणजे ताशी ५२ लिटर. बावन्न! आणि मी २५५ चा पंप घेऊन बसलो होतो. चौघांच्या घरात लग्नाच्या पंगतीचा टोप.

तिसरी खरेदी, आणि जिला मी पाचपैकी पाच देईन ती: वाइडबँड लॅम्बडा मीटर. गाडीचा मूळ ऑक्सिजन सेन्सर फक्त "घट्ट की पातळ" (पेट्रोल जास्त की कमी) एवढंच सांगतो, किती ते सांगत नाही. वाइडबँड आकडा देतो. सेन्सर बॉशचा एलएसयू ४.९, गेज आणि वायरिंगसकट मला बावीस हजारांना पडलं. एक्झॉस्टच्या पाईपला बुश वेल्ड करावा लागतो. तो मी माझ्याच लेथवर काढला, तेवढीच बचत. दोन सूचना. सेन्सर टर्बोच्या अगदी अंगाला लावू नका, उष्णतेने मरतो. आणि पाईपच्या खालच्या बाजूने लावू नका, पाणी साचून फुटतो. आणि गेज लॅम्बडावर ठेवा, १४.७ वगैरे आकड्यांवर नको. कारण आता पंपावर मिळतं ते ई२०, म्हणजे वीस टक्के इथेनॉलवालं. शुद्ध पेट्रोलच्या एका किलोला १४.७ किलो हवा लागते, ई२० च्या किलोला साडेतेरा. गेजला हे माहीत नसतं, तो पेट्रोलच्याच भाषेत बोलत राहतो. लॅम्बडा एक म्हणजे हवा आणि इंधन बरोबर प्रमाणात, एकाच्या खाली घट्ट, वर पातळ, इंधन कुठलंही असो.

पहिल्याच रविवारी भाच्याला शेजारी बसवून कागलला गेलो. त्याच्या हातात फोन, फोनवर लॉग. पूर्ण बूस्टला मॅपमध्ये ०.८२ मागितलं होतं. ४८०० नंतर आकडा चढत चढत ०.९४ ला गेला. गाडी उपाशी होती, हे पहिल्यांदा डोळ्यांनी दिसलं. घरी येईपर्यंत दुसऱ्या गिअरच्या वर बूस्ट लावला नाही. टर्बो पेट्रोल बूस्टमध्ये एवढं पातळ चालवलं की आधी नॉकिंग (पेट्रोलचा अवेळी भडका) होतं आणि मग पिस्टनचा काठ जातो. माझं नशीब की गचक्यांनी आधीच सावध केलं.

मग प्रेशर गेज. शॉपमधला कॅलिब्रेट केलेला ० ते १० बारचा गेज रेलच्या (इंजेक्टरांना पेट्रोल पुरवणाऱ्या नळीच्या) फांदीवर जोडला आणि वायपरला बांधून काचेबाहेर ठेवला. केबिनमध्ये पेट्रोलची नळी आणायची नाही, कुणी कितीही सांगितलं तरी. आयडलला ४.१ तेव्हा सापडले. पण खरी गोष्ट वरच्या आरपीएमला होती: ५२०० ला २.९. म्हणजे आयडलला जास्त आणि जिथं हवं तिथं कमी. एवढा मोठा पंप आणि तरी कमी?

उद्यमनगरातले आमचे मिस्त्री गेल्या तीस वर्षांत गाड्यांच्या वायरिंगशिवाय दुसरं काही बोललेले नाहीत. त्यांनी गेज बघितला नाही, लॉग बघितला नाही. मागचं सीट उचललं, मल्टिमीटरच्या दोन सुया पंपाच्या सॉकेटमध्ये खुपसल्या आणि मला ॲक्सिलरेटर दाबायला सांगितलं. "दादा, बॅटरीवर चौदा हाय. हितं अकरा बी न्हाई. पंप काय करंल? त्याला जेवायलाच न्हाई."

बघा ना. सॉकेटची एक पिन तपकिरी झालेली. अर्थिंगचा बोल्ट बॉडीला जिथं बसतो तिथं गंज. चौदा वर्षांची गाडी, कोल्हापूरचे पावसाळे. आणि मोठा पंप करंट जास्त ओढतो, त्यामुळे त्याच बारीक वायरीत व्होल्टेज आणखी पडतं. म्हणजे मी जितका मोठा पंप लावला तितकी त्याची उपासमार वाढवली. मिस्त्रींनी बॅटरीपासून फ्यूज लावून जाडी वायर आणली, रिले बसवला (मूळ पंपाची वायर आता फक्त रिलेला चालू-बंद करते, म्हणजे अपघातात पंप बंद करण्याची सोय शाबूत राहते), अर्थिंग घासून नवा बोल्ट मारला. मजुरीसकट साडेतेराशे रुपये.

आणि माझा जुना, कंपनीचा पंप परत आत टाकला. १३.६ व्होल्ट मिळताच तो आयडलला ३.५ आणि ५२०० ला ३.४ बार द्यायला लागला. लॅम्बडा ०.८४. गचके गेले. साडेतेराशे रुपयांत. जो पंप मी "कमजोर" म्हणून काढला होता त्यात काहीच बिघाड नव्हता.

थोडं थांबून याचं गणित सांगतो, कारण फ्युएलच्या सगळ्या खरेदीची गोम त्यात आहे. इंजेक्टरला रेलचं प्रेशर मिळत नाही, रेल आणि मॅनिफोल्ड (इंजिनात हवा नेणारा पाईप) यांच्यातला फरक मिळतो. रेलमध्ये ३.५ आणि मॅनिफोल्डमध्ये १ बार बूस्ट असेल तर हातात उरतात अडीच. रेल २.९ ला घसरली की उरतात १.९. फवारा फरकाच्या वर्गमुळाने बदलतो, म्हणजे तेरा टक्के पेट्रोल गायब. ०.८२ चं ०.९४ होतं ते बरोबर या तेरा टक्क्यांनी. मी जर त्या दिवशी इंजेक्टर मोठे टाकले असते, तर गचके गेले असते आणि गंजका बोल्ट तसाच राहिला असता. पुढच्या पावसाळ्यात आणखी गंजला असता.

तरी इंजेक्टर घेतलेच. का, ते सांगतो. ५५०० आरपीएमला एका चक्राला २१.८ मिलिसेकंद मिळतात. माझ्या लॉगमध्ये इंजेक्टर त्यातले साडेवीस उघडा होता, ९४ टक्के. ८५ च्या वर गेलं की इंजेक्टरला नीट मिटायला वेळ उरत नाही. रिमॅप केला तेव्हा हा आकडा बरा असणार. मधल्या काळात पंपावरचं पेट्रोल ई१० चं ई२० झालं. शुद्ध पेट्रोलच्या तुलनेत ई२० तेवढ्याच हवेला सात-आठ टक्के जास्त लागतं. या एका बदलाने जुन्या टर्बो गाड्यांच्या इंजेक्टरमध्ये जी थोडी शिल्लक होती ती खाऊन टाकली. इथेनॉलचा ऑक्टेन (नॉकिंग रोखण्याची ताकद) शंभराच्या वर असतो, त्यामुळे नॉकिंगच्या बाजूने फायदा आहे, तो मी नाकारत नाही. पण रबरी नळ्या आणि इंजेक्टर या दोन ठिकाणी जुन्या गाडीवाल्याने बघून घ्यावं. मी इंजिनजवळच्या नळ्या सगळ्या बदलल्या.

इंजेक्टर निवडताना नुसतं "किती सीसी" विचारू नका. "कितीला मोजलेले" हेही विचारा. कॅटलॉगमधला आकडा बहुधा ३ बारला असतो. तोच इंजेक्टर ३.५ ला आठ टक्के जास्त देतो आणि बूस्टमध्ये, अडीचच्या फरकावर, नऊ टक्के कमी. माझ्या १४५ घोड्यांना, ई२० धरून, बूस्टमध्ये एका इंजेक्टरमागे मिनिटाला साधारण २३५ सीसी लागत होते. ३ बारवर ३०० चे घेतले तर बूस्टमध्ये २७४ मिळतात, म्हणजे ८५ टक्के. पुरे. माझा एक पुण्याचा मित्र म्हणाला, "५५० चे घे, पुढे टर्बो मोठा केलास तर कामाला येतील." पुढे टर्बो मोठा करणार नाही हे मला माझ्या बँकेच्या पासबुकावरून माहीत आहे. आणि फार मोठे इंजेक्टर आयडलला इतका कमी वेळ उघडतात की सिग्नलला गाडी घोरते.

दुसरं म्हणजे फवाऱ्याचा आकार. हे सोळा व्हॉल्व्हचं इंजिन, प्रत्येक सिलिंडरला आत येणारे दोन व्हॉल्व्ह. इंजेक्टरला दोन फवारे हवेत, एक धार मधल्या भिंतीवर नको. तिसरं, सोबत डेड टाइमचा तक्ता मागा: कुठल्या व्होल्टेजला इंजेक्टर उघडायला किती वेळ घेतो. तक्ता नसेल तर ट्यूनर अंदाजाने आकडा भरणार आणि थंडीत गाडी सुरू होताना तुम्ही त्याला फोन करणार. मी बॉशचा जुळवलेला सेट घेतला, चौदा हजार. आल्या आल्या क्लीनिंगवाल्याच्या काचेच्या नळ्यांवर चारही चालवले. चौघांत दीड टक्क्याचा फरक आणि जुन्यांपेक्षा वीस टक्के जास्त. पाचपैकी चार. एक गुण कापला तो वरच्या ओ-रिंगसाठी, त्या सुकलेल्या आल्या होत्या. पेट्रोलच्या रेलवर सुकी ओ-रिंग ही गंमत नाही.

गंमत म्हणून इंजेक्टर बदलून, मॅप बदलायच्या आधीच पीयूसीला नेली. बीएस४ पेट्रोलला वाढवलेल्या आयडलला लॅम्बडा ०.९७ ते १.०३ मध्ये लागतो. माझा ०.९३. नापास. पीयूसीवाला पोरगा म्हणाला, "काका, सर्व्हिसिंग करून या." नवीन मॅपनंतर १.०० आला, त्याच पोराने शिक्का मारला.

आता मॅप करणाऱ्यांविषयी. पहिला रिमॅप ज्याने केला त्याने लॅपटॉप लावला, फाईल टाकली, अर्ध्या तासात पैसे घेतले. लॉग नाही, प्रेशर नाही, चक्कर नाही. नाव घेत नाही, कारण अशी दुकानं गावोगावी आहेत. दुसऱ्या वेळी पुण्यातल्या एका ट्यूनरकडे गेलो. तो आधी तासभर नुसते प्रश्न विचारत होता: पेट्रोल कुठलं भरता, घाट किती वेळा, क्लच कितीचा झाला. माझ्या वाइडबँडचे आकडे स्वतःच्या मीटरशी ताडून बघितले. दिवसभरात तीन वेळा फाईल बदलली आणि बूस्ट ४००० आरपीएमच्या खाली मुद्दाम कमी ठेवला, कारण पाच गिअरच्या या बॉक्सला आणि क्लचला खालचा टॉर्क जास्त मारतो. पस्तीस हजार घेतले. तक्रार एकच: दिलेली वेळ दहाची, शटर उघडलं साडेअकराला, आणि लॉगची प्रत तीनदा मागितल्यावर मिळाली. तरी पुन्हा त्याच्याकडेच जाईन. आता ५५०० ला इंजेक्टर ७८ टक्के, लॅम्बडा ०.८१. म्हणजे माझा ८५ चा हिशेब जरा सावध होता. तिसऱ्या गिअरमध्ये ६० ते १००, जे गचक्यांसकट ६.८ सेकंदांत व्हायचं, ते ५.७ मध्ये होतं.

न घेतलेल्या वस्तूंविषयी थोडक्यात. बूस्टबरोबर प्रेशर चढवणारा रेग्युलेटर: परतीच्या पाईपशिवाय लावता येत नाही, म्हणजे टाकीपर्यंत नवी लाईन. एवढ्या कामाला नको. पाणी-मिथेनॉलचा फवारा: घाटात टाकी संपली तर मॅप तोच राहतो आणि संरक्षण जातं. रोजच्या गाडीत नको. वेगळा ईसीयू: रेसिंगवाल्यांनी बघावा, माझ्या डॅशबोर्डवरचे निम्मे दिवे त्याने विझले असते.

ट्यूनिंग बॉक्स मात्र आजमावला, मित्राचा, एक दिवस. या इंजिनात हवा मोजणारा सेन्सर नाही. प्रेशर आणि तापमानावरून ईसीयू हवेचा हिशेब करतो. बॉक्स त्या प्रेशर सेन्सरचा आकडा कमी करून दाखवतो, म्हणजे ईसीयू बूस्ट वाढवतो आणि पेट्रोल मात्र खोट्या आकड्याप्रमाणेच टाकतो. वाइडबँडवर ते पाच मिनिटांत दिसलं. काढून दिला. भाच्याने स्वतःच्या नेक्सॉनसाठी अकराशे रुपयांची ओबीडीत (स्कॅनर जोडायच्या सॉकेटमध्ये) खुपसायची "चिप" आणली होती. ती आम्ही उघडली. आत एलईडी लुकलुकवणारं सर्किट, गाडीशी बोलणाऱ्या पिनांना वायरच नाही. तो म्हणतो पिकअप वाढला. असेल.

पेट्रोलचं म्हणाल तर रोज ९५ ऑक्टेन भरतो आणि मॅप त्यावरच बनवला आहे. इंडियन ऑइलचं १०० ऑक्टेन २०२० च्या डिसेंबरात आलं, पुण्यात मिळतं म्हणून एक टाकी भरून बघितली. लिटरला दीडशेच्या वर. गाडी गप्प आणि गोड चालली, पण मॅप ९५ चा असताना १०० भरणं म्हणजे बाईकच्या हेल्मेटवर फेटा.

एक कायद्याचं: मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ मध्ये आरसीवरच्या तपशिलाला धक्का लावणारे बदल चालत नाहीत, आणि विमावाल्यांना बदल न सांगता दावा लावला तर ते बोट तिथंच ठेवतात. मी विम्याला लेखी कळवलं.

एकूण खर्च: वाइडबँड बावीस, इंजेक्टर चौदा, नळ्या आणि साफसफाई साडेचार, मॅप पस्तीस, मिस्त्रींचे साडेतेराशे. आणि वाया गेलेले साडेपंधरा, ज्यातला अकरा हजारांचा भाग अजून शॉपमध्ये मायक्रोमीटरच्या खालच्या खणात प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून पडला आहे. खरा वॉलब्रो, बिलासकट, सहा महिने वापरलेला. कुणाला हवा असेल तर देईन, पण आधी मागचं सीट उचलून तुमच्या पंपाला किती व्होल्ट मिळतात ते मला कळवा, मग किमतीचं बोलू.